मोरीतून आलेली वायर

लोकांनी परत पाठवलेल्या वस्तूंचे फोटो पाहायचे आणि पैसे परत द्यायचे की नाही ते ठरवायचं, असं निशाचं काम होतं. कंपनी पुण्याची, पण काम लोणखेड्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून करता येत होतं. कुबट झालेले बूट, डाग पडलेल्या चादरी, केस अडकलेले कंगवे, बुरशी धरलेलं लोणचं, काय काय लोक पाठवत. नेट नीट असलं की फोटो झटकन उघडे, निशा बटण दाबे आणि घाण डोळ्यांआड होई. दिवाळीनंतर मात्र नेट इतकं मंदावलं, की फोटो वरून खाली रखडत उतरू लागला. आधी चादरीची किनार, मग सुरकुत्या, मग पिवळ्या डागाचा वरचा भाग, आणि नेमका तिथेच अडकून बसायचा. तो अर्धा डाग समोर ठेवून वाट बघत राहायचं. दुपारचं जेवण तिला जाईनासं झालं होतं.

काम का रेंगाळतंय, ते पुण्याच्या ऑफिसातल्या चेतना मॅडमनी आधी गोडीत विचारलं, मग जरा कोरडेपणाने. नेट सुधारत नसेल तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, असंही एकदा म्हणाल्या.

निशा पावरा धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची. शिकायला खाली आली आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिली. कॉम्प्युटर तिने जुनाच घेतला होता, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. तिने झाकण उघडून धूळ झटकली, व्हायरस तपासला, नको ते प्रोग्राम काढून टाकले. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायरही नवी आणून लावली. फरक पडला नाही. मग मोबाइल त्याच राउटरला जोडून पाहिला, तर तोही तसाच रडत चाललेला. म्हणजे दोष खोलीबाहेर होता. तक्रारीच्या नंबरवर एक रेकॉर्ड केलेला आवाज राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगत राहिला. ते तिने किती वेळा केलं असेल, त्याला गणती नाही.

शेवटी मिथुन आला. वर्षभरापूर्वी लाइन यानेच जोडून दिली होती. आल्या आल्या त्याने खिडकीतून गुटख्याची पिचकारी टाकली, आणि हाताने ओठ पुसून तोच हात कीबोर्डला लावला. निशाच्या अंगावर शहारा आला, पण गरज तिची होती. त्याने थोडा वेळ माऊस इकडेतिकडे फिरवला, मग खोलीत येणारी फायबरची वायर काढून मापायच्या यंत्राला लावली आणि मान हलवली. सिग्नल पार मरतुकडा येत होता. लाइन बाहेर कुठेतरी दबली किंवा मोडली असणार, असं तो म्हणाला.

दोघं बाहेर आली. रस्त्यावरच्या खांबावरून वायर घराच्या पुढच्या भिंतीपर्यंत सरळ येत होती. पुढच्या दारावरून बोळात आणि बोळातून निशाच्या मागच्या खोलीत, असा दहा पावलांचा सोपा रस्ता होता. पण वायर दाराशी आलीच नव्हती. कोपऱ्यावरून वळून ती सगळ्या घराला वळसा घालत मागे गेली होती, तिथे न्हाणीच्या मोरीत उतरली होती, फरशीखालच्या गटारातून सरपटत आली होती आणि निशाच्या खोलीच्या भिंतीतल्या भोकातून वर निघाली होती.

फरशी उचलावी लागणार होती. मिथुन दोन पावलं मागे सरला. साफसफाईला कोणी मिळेल का, म्हणून त्याने आधी गल्लीत पाहिलं आणि मग निशाकडे. ते बघणं तिला कळलं.  तिने पहार आणून फरशीच्या फटीत घातली आणि जोर लावला.

फरशी बाजूला झाली. केसांचे बुचके, साबणाचा राखाडी चिकट थर, शाम्पूच्या पुड्या, फुगून पांढरी झालेली भाताची शितं. त्या सगळ्यात घुशीने चिंध्या ओढून बीळ केलं होतं, आणि वायर त्या बिळाभोवती पीळ पडून वाकली होती. वरचं आवरण कुरतडलेलं. मिथुनने काठीने वायर उचलली तेव्हा तिच्यावरून काळा गाळ लोंबत खाली पडला, आणि जो वास उठला तो निशाच्या चांगलाच ओळखीचा होता.

वर्षभर तो तिच्या खोलीत होता. आपल्याच अंथरुणाचा असेल, आपल्याच भांड्यांचा असेल, असं समजून ती रविवार आला की फिनेल टाकून खोली घासायची. कुणी मैत्रीण यायची म्हटली की आधी उदबत्ती लावायची. तो वास भिंतीतल्या त्या भोकातून येत होता.

तिने तोंडावर ओढणी दाबून विचारलं, की पुढून इतका सोपा रस्ता असताना वायर इथून का घातली.

मिथुनने काठी खाली ठेवली. त्याला सांगावं की नको असं झालं असावं. मग गटाराकडे बघतच तो म्हणाला, "मालकीणबाई बोलन्यात, घरमाईन वायर नको. मोरीकडथून ली जा, त्यास्ले चालस."

"त्यास्ले म्हणजे कुणाला?" निशाने विचारलं.

त्याने काठी पुन्हा उचलून गाळ बाजूला सारायला घेतला.

निशा न्हाणीच्या भिंतीला टेकली. घरमालकीण सरलाकाकू तिला चहा द्यायच्या तो नेहमी त्याच कान तुटलेल्या कपात, आणि तो कप खिडकीबाहेर ठेवलेला असायचा. हे तिने पाहिलं नव्हतं असं नाही. जुन्या वळणाची बाई आहे, असं म्हणून सोडून दिलं होतं. पण या वाक्याने तिला गाळाहून जास्त शिसारी आली. गाळ निदान हात धुतल्यावर जातो.

तेवढ्यात वासामुळे सरलाबाईच बाहेर आल्या. नाकाला पदर लावलेला. एवढी घाण कशाला उकरून काढली, असं त्या मिथुनला म्हणाल्या. मग निशाकडे वळून जरा समजुतीच्या सुरात बोलल्या, की तुम्हा लोकांना डोंगरात याची सवय असेल, पण आमचं घर देवाधर्माचं आहे.

"काकू, ही मोरी तुमची आहे," निशा म्हणाली. "आमच्या पाड्यावर असली घाण मी कुठे पाहिलेली नाही."

सरलाबाईंचा पदर नाकावरून खाली आला. निशाने मिथुनला सांगितलं, की नवी वायर पुढच्या दारावरून बोळातून घ्यायची. बोळात देव्हारा आहे, असं सरलाबाई म्हणाल्या. निशाने शांतपणे विचारलं, की रोज संध्याकाळी सुरतच्या मुलीशी तुम्ही व्हिडिओवर बोलता, ते नेट कुणाचं? ते माझ्या खोलीतून भिंती ओलांडून तुमच्या देव्हाऱ्यापर्यंत येतं, तेव्हा काही होत नाही. वायर पुढून येणार नसेल तर मी लाइनच काढून टाकते.

सरलाबाई आत निघून गेल्या. मिथुनने ते होकारासारखं धरलं आणि शिडी लावली.

निशाने बोळात उभं राहून टोक धरलं, आणि तासाभरात वायर दारावरून आत आली, खिळे ठोकले गेले, जोड झाला. कॉम्प्युटरवर फोटो पटापट उघडू लागले. चेतना मॅडमना तसं कळवून निशा हात धुवायला बोळातून जात होती, तर सरलाबाई वाकून फरशी पुसत होत्या. जिथे मिथुनची शिडी होती तिथे नाही. निशा जिथे वायरचं टोक धरून उभी होती, तेवढीच जागा. बादलीतलं पाणी पिवळसर होतं आणि त्याला गोमूत्राचा वास होता. निशाला बघून त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा फिरू लागला.

निशा परत खोलीत आली. पहिलं काम तिने केलं ते नेटचा पासवर्ड बदलण्याचं.

दिवेलागणीला दार वाजलं. सरलाबाई शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. चांगली स्टीलची वाटी, शिऱ्याला तूप सुटलेलं. मुलीचा फोन लागत नाहीये, बघतेस का जरा, असं त्यांनी विचारलं.

निशाला वाटीकडे बघवेना. ते तूप, ती वाटी पुढे करणारी बोटं, दुपारी फरशीवर फिरलेली. 

"पासवर्ड बदललाय, काकू. आता देणार नाही. आणि वाटी न्या."

"एवढं काय झालं गं? मी तुला मुलीसारखी मानते."

निशाने दार लावून घेतलं, आणि सरलाबाईंची पावलं बोळातून पुढे जाईपर्यंत तशीच कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने शहाद्याच्या दामिनीला फोन लावला. दामिनी तिची कॉलेजातली मैत्रीण. तिच्या घराच्या गच्चीवर एक खोली रिकामी होती, हे निशाला माहीत होतं. पहिल्या तारखेपासून येऊ का, असं तिने विचारलं.

दामिनी म्हणाली, ये की, पण आधीच सांगते, पत्र्याची खोली आहे, दिवसभर नुसतं ऊन तापतं.

निशा म्हणाली, तापू दे.