वरीलप्रमाणे

मित्रांनो, आधी एक गोष्ट कबूल करते. मी काही मोठ्या मनाची वही नाही. माझ्या पोटात दुखतं, आणि ते दुखणं मी तुमच्यापासून लपवणार नाही. मी आहे एका लहानशा रेडिओ केंद्राची जुनी नोंदवही. दोनशे पानं, जाड पुठ्ठा आणि लाल कापडाची पाठ. बाइंडरने मला शिवताना दोरा दुहेरी घेतला होता. "कचेरीत दाखवायची वही आहे, पान सुटता कामा नये," असं तो म्हणाला होता. आजवर माझं एकही पान सुटलेलं नाही.

रेडिओ केंद्राला परवाना मिळतो तो अटींवर. त्यातली एक अट म्हणजे मी. रोज कोणता कार्यक्रम झाला, किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, कोण बोललं, मध्ये काही अडथळा आला का, हे सारं त्याच दिवशी माझ्यात लिहायचं असतं. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्याच निवेदक, त्याच व्यवस्थापक आणि वेळ पडली तर झाडूही त्यांच्याच हातात. पहिली चार वर्षं त्यांनी मला फार जपलं. पट्टीने रकाने आखले, पाहुण्यांची नावं ठळक लिहिली. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "नोंदवही असावी तर अशी." ते वाक्य मी अजून पुरवून पुरवून वापरते.

मग नवा माइक आला. कानामागून आला आणि तिखट झाला. काळं कुळकुळीत अंग, डोक्यावर मऊ टोपी, उभं राहायला वेगळा स्टँड. ताई रोज सकाळी मऊ फडक्याने त्याला पुसत. शाळेची मुलं केंद्र बघायला आली की त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढत. माझ्याजवळ उभं राहून कुणी फोटो काढल्याचं मला आठवत नाही. एकदा त्याचा आवाज जरासा खरखरला, तर तंत्रज्ञ बटणकाका जेवणाचा डबा अर्धा टाकून धावत आले. (काकांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कुठेही बटण दिसलं की ते एकदा दाबून बघत, म्हणून हे नाव.) माझा कोपरा चहाने भिजला तेव्हा मात्र काकांनी कप उचलला आणि तोच कप माझ्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. सांगा, जळफळाट होणार नाही तर काय होईल?

माइक आल्यापासून ताईंना बोलण्याची गोडी लागली. दवाखान्याच्या वेळा, हरवल्या-सापडल्याच्या सूचना, बागेतल्या कीडमुंगीचा सल्ला, म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी. कार्यक्रम रंगला की तो लांबायचा, आणि संपला की चपला घालून ताई पुढच्या पाहुण्याला गाठायला निघायच्या. जाता जाता माझ्या पानावर एकच शब्द टाकायच्या: वरीलप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरीलप्रमाणे. तिसऱ्या दिवशीही तेच. ओळीमागून ओळ, पानामागून पान, सात महिने. पहिलं 'वरीलप्रमाणे' पडलं तेव्हा वरच्या ओळीत काय लिहिलेलं आहे, हे ताईंनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. ते पुढे येईलच.

आता नोटिशींबद्दल सांगते. पहिली नोटीस आली ती नोंदी अपुऱ्या असल्याबद्दल. दुसरी आली ध्वनिमुद्रणं जपून न ठेवल्याबद्दल, कारण काकांनी संगणकात जागा नाही म्हणून ती सगळी पुसून टाकली होती. तिसरी आली दुसरीला उत्तर न दिल्याबद्दल. आणि दुसरी नोटीस होती कुठे? माइकचा स्टँड डुगडुगत होता, म्हणून काकांनी तिची चौघडी घालून त्याच्या पायाखाली सरकवली होती. म्हणजे सरकारी नोटीससुद्धा त्याच्याच सेवेला.

चौथं पत्र मात्र ताईंनी उभ्यानेच वाचलं आणि खुर्ची ओढून बसल्या. परवान्याची मुदत पंधरा दिवसांत संपत होती. वारंवार अटी मोडल्यामुळे नूतनीकरण का नाकारू नये, हे नोंदवहीसह हजर राहून सांगा, असं त्यात लिहिलं होतं. नूतनीकरण झालं नाही तर केंद्राला कुलूप लागणार होतं. ताईंची वीस वर्षं त्या दोन खोल्यांत गेली होती. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. माइक गप्प होणार, त्याची टोपी उतरणार. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी काका काखेत एक नवी वही मारून आले. डिंकाचा वास अजून गेला नव्हता तिचा.

"ताई, एका बैठकीत सात महिने लिहून काढू," ते म्हणाले. "तीन-चार पेनं आणलीत. शाई बदलत राहू, म्हणजे संशय यायला नको."

ताईंनी नवी वही उघडली. मी टेबलाच्या कडेवरून बघत होते. माझे सात महिने त्या कालच्या पोरीच्या नावावर चढणार होते. ताईंनी पहिली तारीख लिहिली आणि पेन थांबलं.

"काका, त्या दिवशी कोण आलं होतं हो बोलायला?"

"कोणीतरी आलंच असेल की."

"कोणीतरी हे काय नाव झालं?"

"मग कुठलंही टाका. कोण विचारतंय?"

ताईंनी पेनाला टोपण लावलं. "एवढी माणसं माझ्यासमोर बसून पोटातलं बोलून गेली, आणि मला एकाचंही नाव तारखेला जोडता येत नाही. राहू द्या काका. त्यांनी वही आणा म्हटलंय ना, मग आहे तीच वही नेऊ."

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि खिडकीजवळ फायलींनी भरलेलं कपाट. टेबलापलीकडच्या मॅडमनी चष्मा पुसला आणि मला उघडलं. किती दिवसांनी कुणीतरी मला दोन्ही हातांनी उघडत होतं.

"पानाच्या पहिल्याच ओळीत वरीलप्रमाणे," त्या म्हणाल्या. "याच्या वर काय आहे?"

"वर पान क्रमांक आहे, मॅडम," काका घाबरून म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मागचं पान उलटलं. तिथेही तेच. त्या बोट ठेवून एकेक पान मागे जात राहिल्या आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर थांबल्या. तिथे ताईंच्या सुबक अक्षरात अख्खी ओळ होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली: "ट्रान्समीटर बंद. आज प्रसारण नाही."



"म्हणजे तुमच्याच नोंदीप्रमाणे हे केंद्र सात महिने बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "बंद केंद्राला परवाना कशाला हवाय?"

"छे हो मॅडम, एक दिवस सोडला तर रोज चालू होतं. सगळं गाव ऐकतं," काका म्हणाले.

"गाव मला फायलीला लावता येत नाही."

मी याच क्षणाची वाट पाहत होते. पण ताईंनी हात पुढे करून माझा पुठ्ठा घट्ट धरला. माइकचं तोंड बंद झालं की ताईंचंही होणार, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. हेव्याने माझी अक्कल खाल्ली होती.

"वहीची चूक नाही," ताई म्हणाल्या. "हात माझा होता. केंद्र चालू होतं, पण ते दाखवायला माझ्याकडे काही नाही."

"नवी वही लिहून आणता आली असती. बरेच जण आणतात."

"बसले होते लिहायला. नावं आठवली नाहीत. खोटी घालवेनात."

मॅडमनी माझी सुरुवातीची पानं काढली. आखलेले रकाने, ठळक नावं. "हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"मग मध्ये झालं काय?"

"चांगला माइक आला," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, माझी सगळी तक्रार ताईंनी तीन शब्दांत मांडली.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. पाच वर्षांऐवजी एकाच वर्षाचा परवाना मिळाला. रोजची नोंद रोज, ध्वनिमुद्रणं जपायची, दर महिन्याला तपासणी, आणि एकही दिवस चुकला तर परवाना रद्द. शेवटची अट अशी की ही वही पुरावा म्हणून कचेरीत जमा राहील. ही वही म्हणजे मी.

ताईंनी एक मिनिट मागून घेतलं आणि माझ्यात शेवटची नोंद केली. तारीख घातली, वेळ घातली, आणि लिहिलं: "गेले सात महिने केंद्र रोज चालू होतं, एक दिवस वगळता. वही मी बंद ठेवली." खाली सही केली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

तेव्हापासून मी या कपाटात आहे. माझ्या जागी ती डिंकाच्या वासाची आली आहे. मॅडमच्या टेबलावर एक छोटा रेडिओ असतो. दुपारी कार्यक्रम संपला की ताईंचा आवाज येतो: "श्रोतेहो, आता पाच मिनिटं वाद्यसंगीत ऐका. मी तेवढ्यात आजची नोंद करून घेते."

मित्रांनो, जे बोलू शकतं त्याचे लाड सगळेच करतात. तुमच्या घरात, शाळेत, कामात जे मुकाट्याने सांभाळत बसलेलं असतं, त्याच्याकडेही रोज थोडा वेळ बसत जा. आजचं उद्यावर टाकून नंतर एकदम द्यायला गेलात, तर नावं आठवत नाहीत.

वाद्यसंगीत सुरू झालं की माझा जीव जळतो. रोज पाच मिनिटं, तीही अख्ख्या गावाला सांगून. माझ्या वाट्याला ती कधी आली नाहीत. तरीही ते संगीत लवकर थांबलं तर मला धाकधूक होते, कारण ते वाजत असतं तोवर ताई लिहीत असतात.