चंपाबाईनं मेन पाडला

जिन्यावरून पडल्यापासून चंपाबाईपुढं दोनच रस्ते उरले होते. एक तर पुण्याला पोराच्या फ्लॅटात राहायचं, नाहीतर आसेगावचं घर पोराच्या मोबाइलला बांधायचं. तिनं दुसरा धरला. पोरानं, अश्वजितनं, सुट्टी काढून बल्ब, पंखे, पाण्याची मोटर, दारावरचा कॅमेरा असं सगळं एका ॲपला जोडलं.

"आई, महिनाभर नीट चाललं तं तू इथंच. नाहीतर माह्यासंगं चाल."

शेजारी म्हणून मी मनातल्या मनात हिशेब मांडला. बल्बाला हुकूम सोडण्यापेक्षा बटन जवळ होतं. कॅमेऱ्यात दिवसभर शेजारची बकरी. पटली ती फक्त मोटर. टाकी भरली की आपोआप बंद. ती भरली का हे बघायलाच तर बाई जिना चढायची.

वर्षावास सुरू होता. एका संध्याकाळी चंपाबाई विहारात ग्रंथवाचनाला निघाली. निघताना आपल्याकडची कोणतीही शहाणी बाई करते तेच तिनं केलं. मेन स्विच पाडला, कुलूप लावलं. मोबाइल घरीच राहिला.

तिकडं पुण्यात ॲपमधलं घर विझलं. आई फोन उचलेना, तेव्हा अश्वजितनं मला लावला.

"काका, आई पडली! दार तोडा!"

"अरे, दाराले बाहेरून कुलूप हाय. पडलेली बाई बाहेरून कुलूप लावते काय? विहारात असंन."

"मी निघालो गाडीनं. आता तिले घेऊनच येतो."

सकाळी पोचला तेव्हा चंपाबाई चहा गाळत होती.

"मेन काहून पाडला, आई?"

"घरात कोनी नसताना लाइन कायले जाळू?"

"मले कसं कयंन मंग, तू बरी हायेस म्हणून?"

"विहारात फोन लावाचा. अर्धं गाव मले पाहून राह्यलं होतं."

अश्वजित माझ्याकडं वळला. "काका, सारं वायाच गेलं का?"

"मोटर कमावती हाय. बाकीचे बसून खातात."

"मोटर राहू दे रे," चंपाबाई म्हणाली. "तू बसवली तवापासून जिन्याकडं फिरकली नाही मी."

पोरगा जिन्याकडं बघत राहिला. मग स्टुलावर चढून त्यानं कॅमेरा काढला, आणि ग्रंथ वाचणाऱ्या रूपाताईचा नंबर मोबाइलमध्ये घेतला.

"महिना अजून पुरा झाला नाही, बरं का," तो म्हणाला.

"होऊ दे ना. चहा घे, थंडा होऊन राह्यला."