आत्याचा तिसरा चंबू

लग्नानंतर सुटलेलं कॉलेज आत्याने वीस वर्षांनी पुन्हा धरलं, आणि प्रयोगशाळेत तिला जोडीदार मिळाली ती सख्ख्या भावाची मुलगी. मग काय, अख्खा वर्ग तिला आत्याच म्हणायला लागला. सर तेवढे जपून ‘मॅडम’ म्हणायचे.

त्या दिवशी टेबलावर दोन बंद काचेचे चंबू होते. दोन्हींत एकच तांबूस वायू, आत्याच्या चंबूत जास्त, भाचीच्या कमी. या वायूचा एक रेणू फुटला की दोन लहान रेणू होतात, आणि ते दोन जुळून पुन्हा एक. फुटणं-जुळणं चालूच राहतं, पण दोन्ही प्रकारांच्या दाबांचं गणित एकाच आकड्यावर येऊन ठरतं. तो आकडा म्हणजे समतोल स्थिरांक. तापमान तेच ठेवलं, तर वायू कितीही भरा, तो हलायला नको.

इथे मात्र हलला होता. लहान रेणूंच्या दाबाला मोठ्यांच्या दाबाने भागून आत्याचं उत्तर आलं ०.४७, भाचीचं ०.७०.

“आत्या, तुझं चुकलंय.”

“माझंच का गं? तुझं सोन्याचं का?”

सरांनी मागून डोकावलं. “वर्ग कुठे गेला?”

“इथेच आहे की सर, सगळे हजर आहेत!”

हशा पिकला. सरही डोळे पुसत म्हणाले, “आकड्याचा वर्ग हो, मॅडम!”

आत्याने कपाळावर हात मारला. “अगं, एकाचे दोन होतात ना! मग लहानांच्या दाबाला त्याच दाबाने गुणायचं, आणि मग भागायचं. कर, कर लवकर!”

दोघी कॅल्क्युलेटरवर तुटून पडल्या. आत्याचं आलं ०.१५०. भाचीचं ०.१४५.

“जुळलं!” भाची किंचाळली.

आता आत्याला कुठला धीर? “सर, तिसरा चंबू भरा. किती वायू घातला तेवढं सांगा. दाब मी आधी सांगते, मग काटा बघू.”

सरांनी वजन सांगितलं. आत्या उलट बाजूने गणित करत सुटली, एकदा अडली, खोडलं, पुन्हा मांडलं. शेवटी फळ्यावर तिने मोठ्याने ओरडत लिहिलं: ०.७५ वातावरण, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाऊणपट.

सगळे दाबमापकाभोवती गोळा झाले. सरांनी चंबूची तोटी उघडली. काटा सरसर वर चढला, डुलला, मंदावला. भाचीने आत्याचा दंड घट्ट धरला होता. काटा ०.७४ वर येऊन थांबला.

मग एकच कल्ला झाला.

“कमाल केलीत, आत्या!” सर ओरडले, आणि काय बोलून गेलो ते कळून लालेलाल झाले.

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भाचीला हलवून विचारत होती, “चंबू गरम केला तर आकडा बदलेल ना गं? चल, पाणी तापव!”