फाउस्टिनाचा अंबाडा

माझी बायको सुनेत्रा गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि मी बोलायचो ते फक्त तिच्याबद्दल. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला लोक माझ्या टेबलावरून हळूच उठायला लागले, तेव्हा आमच्या लेकीनं, नेत्रानं, गाडीत मला चांगलं सुनावलं. बाबा, प्रत्येक वाक्यात आई नको, लोक ऑकवर्ड होतात, मलाही सहन होत नाही. ठीक आहे, म्हटलं. मीही काही कमी हट्टी नाही. जिभेला कुलूप लावलं ते लावलंच. पण खरं सांगतो, आतून गुदमरत होतो.

मग मला रमवायला म्हणून तिनं जवळच्याच शॉमबर्ग गावातल्या एका हॉटेलात भरलेल्या जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाला नेलं. म्हाताऱ्याला कुठंतरी फिरवून आणायचं, दुसरं काय!

तिथं एका विक्रेत्या बाईंनी ब्राँझचं जाडजूड नाणं सरळ माझ्या तळहातावर ठेवलं. हिरवट, थंडगार. त्यावर एक बाई, वेण्यांचा अंबाडा थेट टाळूवर बांधलेला. घरात वास नको म्हणून गॅरेजमध्ये चकल्या तळताना सुनेत्रा अगदी अस्साच बांधायची. ओठांपर्यंत आलं होतं, पण गिळलं.

ही रोमची सम्राज्ञी फाउस्टिना, बाई सांगू लागल्या. हे नाणं पाडलं तेव्हा ती हयात नव्हती. नवऱ्यानं तिला देवी ठरवलं, तिचं देऊळ बांधलं आणि स्वतः मरेपर्यंत, वीसेक वर्षं, तिची नाणी पाडत राहिला. सोन्याची, चांदीची आणि ही असली, रोजच्या बाजारहाटाची.

माझ्या अंगावर काटा आला. अहो, म्हणजे भाजी घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातातसुद्धा त्या सम्राटाची बायको! अख्ख्या साम्राज्यात! आणि अठराशे वर्षांनी ती इथं माझ्या मुठीत ऊबदार होत होती. माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नेत्रानं बाईंना विचारलं, त्याला कुणी म्हटलं नाही का, आता पुरे म्हणून? बाई हसल्या. सम्राटाला कोण सांगणार, म्हणाल्या.

नेत्रानं नाणं माझ्या हातून घेतलं. बराच वेळ त्या अंबाड्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"बाबा, आईची एखादी गोष्ट सांग ना."

"कुठली?"

"कुठलीही. शंभरदा ऐकलेली चालेल. मला तिचा आवाज आठवेनासा झालाय."

मग काय, तिथंच टेबलापाशी उभ्याउभ्या सुरू झालो.