पळू नका

मी कपडे धुण्याचं एक जुनं यंत्र आहे. मित्रांनो, माझ्या पोटात रोज इस्पितळाच्या चादरी पडतात. रक्ताच्या, औषधाच्या, कशाकशाच्या. त्याची तक्रार नाही. माझा राग एका इंग्रजी शब्दावर आहे. रन.

माझ्या बटणावर रन लिहिलंय. जन्मात मी बोटभर सरकलो नाही, तरी म्हणे मी रन होतो. चादरीचा रंग गेला, की मॅनेजर ओरडतो, कलर रन झाला. आणि ही लाँड्री तो स्वतः रन करतो, जिना चढताना त्याला धाप लागते तरी.

एकदा माझा पट्टा तुटला. मिस्त्री म्हणाला, "मेन बंद करतो."

"सगळी यंत्रं थांबतील. ही पाटी लाव, पुरे," मॅनेजर म्हणाला. इंग्रजी पाटी. डू नॉट रन.

मिस्त्री माझ्या मागे बसून नवा पट्टा चढवू लागला. पुढून तो दिसत नव्हता. मावशी चादरींचं गाठोडं घेऊन आल्या. थांबल्या, पाटी वाचली, ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत आल्या, कपडे भरले आणि बटण दाबलं.

मिस्त्रीची दोन बोटं गेली. माझ्याच चाकात. मला थांबता आलं नाही.

"पाटी दिसली नाही?" मॅनेजर मावशींच्या अंगावर धावला.

"वाचली की. पळू नका. साबणाच्या फरशीवर पळायला मला काय वेड लागलंय?"

"अहो, रन म्हणजे चालू करणं."

"आमच्या बाईंनी पळणं शिकवलं होतं. चालणं आणि पळणं एकच असतं, हे तुमच्याकडूनच कळलं."

हाताला फडकं गुंडाळून मिस्त्री भिंतीला टेकला होता. तो म्हणाला, "साहेब, मावशींना बोलू नका. मेन बंद करू दिला असतात, तर पाटीच लागली नसती."

"तू गप बस. आधी दवाखान्यात जा."

दुसऱ्या दिवशी मावशींना कामावरून काढलं. कारण काय, तर अडाणी बाई. अडाणी? वाचून वागणारी या खोलीत ती एकटीच होती.

मित्रांनो, उद्या तुम्ही कुठले तरी साहेब व्हाल. यंत्रात माणसाचा हात असेल, तर आधी वीज तोडा. पाटी लावायचीच असेल, तर बटण दाबणाऱ्याच्या भाषेत लावा. तुमचं इंग्रजी मिरवायला दुसऱ्याची बोटं वापरू नका.

परवा नवी पाटी आली. मोठी, लालभडक. शब्द तेच तीन. मावशींच्या जागी आलेली मुलगी ती वाचते आणि माझ्यासमोरून अगदी हळू चालते.