कैलासावरच्या मिरच्या

मे महिन्यातली दुपार. बाहेर कावळासुद्धा चोच उघडून बसलेला, आणि इंझोरीच्या शिवारात शीतलनाथ महाराजांच्या मठापुढे चपलांचा ढीग. आत चौथऱ्याला एक भोक, भोकातून गार वारा. ना कूलर, ना पंखा. लोक भोकापुढे डोकं टेकवत आणि घाम वाळला की मोक्ष मिळाल्यासारखे उठत.

“कैलासावरून येते हा देवाचा श्वास,” महाराज सांगत.

कैलासाहून इंझोरीपर्यंत येताना वारा वाटेत कुठेच तापत नव्हता, हा चमत्कार खराच. फक्त सूर्य मावळला की देव झोपे, आणि आभाळ भरून आलं की मौनात जाई. छतावरच्या सौर पॅनेलच्या पायांना शेंदूर फासलेला होता.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. थंडाव्याशी माझं काही भांडण नव्हतं. पण त्या दिवशी भोकापुढे चार वर्षांचा अंकुर दिसला, तापानं फणफणलेला, ओठ सुकलेले, आणि माझं डोकं फिरलं. शेजारी त्याची आजी गोजराबाई बसली होती. मानोऱ्याच्या बाजारात वांगी विकणारी खमकी बाई, पण नातवापुढे पार खचलेली.

“आजी, दवाखान्यात काहून नाही नेलं?”

“म्हाराज म्हन्ते, सुई टोचली त देव श्वास बंद करते. मंग पोरगं हातचं जाईन, धम्मदीपाबाई.”

मठामागे काट्याच्या कुंपणाआड जाड पाइपाचं तोंड मी आधीच पाहिलं होतं. आत पंखा घरघरत होता. पण नुसतं सांगून कोण ऐकणार? माझ्या पदवीपेक्षा महाराजांची दाढी लांब.

“निदान नजर तरी उतरवा,” मी म्हटलं.

आजीला ते लगेच पटलं. तिनं अंकुरवरून मिरच्या ओवाळल्या. पोराला मी खांद्यावर घेऊन बाहेर आणलं, लांब लिंबाखाली निजवलं, आणि मिरच्या जाळायला मठातून आणलेल्या शेगडीला जागा दाखवली ती बरोबर पाइपाच्या तोंडाशी.

मिरच्या तडतडल्या. आत पहिला ठसका लागला तो महाराजांना. मग सगळा भक्तगण डोळे चोळत बाहेर पळाला.

“देव कोपला,” महाराज खोकत म्हणाले. “कोन्या पाप्यानं...”

गोजराबाई हातात शेगडी घेऊन पुढे आली. “माह्या मिरच्या कैलासावर कोनं नेल्या, म्हाराज?”

महाराजांना पुन्हा ठसका लागला. यावेळी मिरच्यांचा नव्हता.

मी काटे बाजूला सारून लोकांना पाइप दाखवला. उन्हाळ्यातही दहा फुटांखालची माती तापत नाही. तिथून पाइप फिरवला की माती वाऱ्यातली उष्णता ओढून घेते, आणि सूर्यावर चालणारा पंखा तो वारा आत ढकलतो. शहरात नव्या इमारती अशाच गार ठेवतात. तिथं पाइपापुढे कुणी नारळ फोडत नाही.

हे ऐकायला गोजराबाई थांबलीच नाही. गावातल्या पुंजाजीच्या ऑटोत नातवाला घालून ती मानोऱ्याच्या दवाखान्यात पोचली. सलाइन लागलं. डॉक्टर तिच्यावर संतापले, उशीर का केला म्हणून, आणि ती खाली मान घालून रडली. अंकुर वाचला.

महाराजांनी गाव सोडलं. मठात आता अंगणवाडी भरते, पोरं गार वाऱ्यात झोपतात. तुम्हीही खुशाल बसा. पण ताप आला तर दवाखाना गाठा, आणि भोकापुढे डोकं टेकवण्याआधी त्याचं दुसरं टोक शोधून या.