‘झालं’च्या रकान्यातली चिठ्ठी

मी पांढरा बोर्ड बोलतोय. तळेगाव ढमढेरेच्या अलीकडं भाजी पॅक करणारी एक शेड आहे, तिथल्या भिंतीवर मी टांगलेला असतो. जवळ येऊन बघू नका, लांबूनच ऐका. सध्या मला फार लाज वाटते.

मॅनेजर विश्वजीतसाहेब पुण्याला ट्रेनिंगला गेले, तिथं ‘अजाइल’ नावाची कामाची नवी पद्धत शिकले आणि येताना मला घेऊन आले. माझ्यावर तीन रकाने पाडले: करायचं, चालू, झालं. रोज सकाळी सगळ्यांनी माझ्यासमोर उभं राहायचं, अडचण बोलायची, आपल्या कामाची चिठ्ठी पुढं सरकवायची. सुरुवातीला खरंच फायदा झाला. टेम्पो कधी येणार, क्रेट कुठं कमी पडतात, हे आधीच कळायला लागलं. मी तर फुशारून गेलो होतो.

मग साहेब ‘झालं’मधल्या चिठ्ठ्या मोजायला लागले. जास्त चिठ्ठ्यांना टाळ्या. लगेच एकाच कामाच्या चार चिठ्ठ्या व्हायला लागल्या. हुशार माणसं!

मल्हारी आप्पा इथले जुने मेंटेनन्सवाले. कोल्ड रूमच्या दाराचं खालचं रबर फाटलं होतं, गार हवा बाहेर जायची. ते बदलायची चिठ्ठी आप्पांच्या नावावर लागली. पण आप्पांचे गुडघे गेलेले, त्यांना खाली बसताच येईना. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या माणसाचं काम अडलंय, हे चारचौघांत त्यांच्या तोंडावर बोलणार कोण? साहेब रोज विचारायचे, "काही अडचण?" आणि सगळे म्हणायचे, "न्हाई साहेब."

शेवटी पॅकिंगवरच्या करुणानं ती चिठ्ठी हळूच ‘झालं’मध्ये लावली. रविवारी भावाला आणून रबर बसवून घेऊ, असा तिचा विचार होता. शनिवारीच आतली सगळी भेंडी काळी पडली.

"चिठ्ठी कुणी सरकवली? मला कळलं असतं तर बाहेरून माणूस बोलावला असता!"

"मी, साहेब," करुणा म्हणाली. "आप्पांना समद्यांम्होरं मान खाली घालाय लागली असती."

आप्पा पुढं झाले. "साहेब, पोरीला काय बोलू नका. मला जमत न्हाई, हे मीच सांगाय पायजे व्हतं. पण हितं उभ्यानं, समद्यांम्होरं कसं सांगायचं? एकट्याला बोलावलं असतं, तर सांगितलं असतं."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि तरीही करुणाला कामावरून काढलं. "प्रोसेस म्हणजे प्रोसेस," म्हणाले. ती माझ्यासमोरून डबा घेऊन निघून गेली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी माझ्यावर नवी चिठ्ठी लागली: ‘करुणाच्या जागी बाई बघणे.’ साहेबांनी विचारलं, "काही अडचण?" सगळे पायांकडे बघत "न्हाई साहेब" म्हणाले. आप्पासुद्धा.

संध्याकाळपर्यंत नवी बाई मिळाली आणि ती चिठ्ठी ‘झालं’मध्ये आली. त्या रकान्यात खरोखर झालेलं तेवढं एकच काम होतं. टाळ्याही वाजल्या.

मला हात असते तर मीच ती काढून टाकली असती. येता-जाता कुणीतरी तेवढी काढा हो.